जुनी ऑपरेटिंग सिस्टिम कुठवर चालवावी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी जगभरातल्या कोट्यवधी संगणकांवर काहीच घडलं नाही. दुसऱ्या दिवशी ते रोजच्यासारखे सुरू झाले, फाइली उघडल्या, प्रिंटर चालले. मग अनेकांनी असं धरून घेतलं, की कंपनीला नवे संगणक खपवायचे आहेत, बाकी यात काही तथ्य नाही. हा संशय अगदीच निराधार नाही, त्याकडे पुढे येऊच. पण त्या तारखेला जे थांबलं ते पडद्यावर दिसणारं नव्हतंच, आणि अपग्रेडचा निर्णय घ्यायचा तर आधी ते समजून घ्यायला हवं.

थांबली ती दुरुस्ती. आजच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रोग्रामच्या काही कोटी ओळी असतात आणि त्यांतल्या बहुतेक सी किंवा सी++ या भाषांमध्ये लिहिलेल्या असतात. या भाषांमध्ये मेमरीतली जागा किती राखली आणि किती वापरली याचा हिशोब प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच ठेवायचा असतो. समजा, १०० अक्षरांची जागा राखली आणि बाहेरून आलेली माहिती १२० अक्षरांची निघाली. लिहिणारा तपासायला विसरला असेल, तर जादाची २० अक्षरं शेजारच्या जागेत जाऊन बसतात. शेजारी ‘यापुढे कोणती आज्ञा चालवायची’ याचा पत्ता ठेवलेला असेल, तर तो पुसला जातो आणि बाहेरून आलेली अक्षरं त्याची जागा घेतात. पाठवणाऱ्याने ती अक्षरं मुद्दाम निवडलेली असतील, तर संगणक त्याच्या हुकमाने चालू लागतो. आता या वाटेवर बरेच अडसर घातलेले आहेत, तरी मेमरीच्या गोंधळातून येणाऱ्या त्रुटी संपलेल्या नाहीत. मायक्रोसॉफ्ट दरवर्षी ज्या सुरक्षा-त्रुटी दुरुस्त करते त्यांतल्या सुमारे ७० टक्के याच जातीच्या असतात, हे कंपनीच्याच तज्ज्ञांनी २०१९ मध्ये सांगितलं होतं.

प्रोग्राम वापरून झिजत नाही. त्रुटी पहिल्या दिवसापासून आत असतात, त्या फक्त हळूहळू सापडत जातात. मग कालपर्यंत सुरक्षित असलेली प्रणाली सपोर्ट संपल्यावर महिन्यागणिक धोकादायक का होत जाते? याचं उत्तर मला या साऱ्या विषयात सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या प्रसिद्ध करते. त्या वापरकर्ते उतरवून घेतात, तसेच हल्लेखोरही उतरवून घेतात. दुरुस्तीच्या आधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी शेजारी ठेवून तुलना करणारी साधनं सहज मिळतात. ज्या ठिकाणी बदल दिसतो, तिथेच आधी भगदाड होतं. म्हणजे प्रत्येक दुरुस्ती ही ज्यांनी ती बसवली नाही त्यांच्या घराचा नकाशाच असते. आता विंडोज १० आणि विंडोज ११ यांच्यात फार मोठा भाग सामाईक आहे. विंडोज ११ मधलं एखादं भोक बुजवलं, की तेच भोक विंडोज १० मध्ये आहे का हे पाहणं हल्लेखोराला अवघड जात नाही. असलं, तर ते बुजवायला कोणी येणार नाही हेही त्याला ठाऊक असतं. तुमच्या संगणकात काहीही बदललेलं नसताना त्याच्याविषयीची माहिती बाहेर साचत जाते.

या प्रकाराचं सर्वांत ठळक उदाहरण १२ मे २०१७ रोजी घडलं. वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम काही तासांत जगभर पसरला आणि दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक त्याने कुलूपबंद केले. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. विंडोजच्या फाइल-देवाणघेवाणीच्या यंत्रणेतली जी त्रुटी त्याने वापरली, तिची दुरुस्ती १४ मार्चलाच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी आलेली होती. तेव्हा बहुतेक बातम्यांनी दोष विंडोज एक्सपीला दिला, कारण एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला होता. प्रत्यक्षात कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने पाहिलेल्या बाधित संगणकांपैकी ९८ टक्क्यांच्या आसपास विंडोज ७ वर चालणारे होते. विंडोज ७ तेव्हा सपोर्टमध्येच होती आणि तिच्यासाठी दुरुस्ती तयार होती. ती बसवलेली नव्हती, एवढंच.

तेव्हा ‘माझी आवृत्ती किती जुनी?’ याने फारसं काही कळत नाही. या आवृत्तीच्या त्रुटी अजून कोणी दुरुस्त करतं आहे का आणि त्या दुरुस्त्या माझ्या संगणकापर्यंत पोचतात का, हे विचारावं. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर केवळ नवी आवृत्ती आली म्हणून उडी मारायचं कारण नाही. उलट थोडं थांबण्यात शहाणपण असतं, आणि त्याला अभ्यासाचा आधार आहे. अँडी ओझमेंट आणि स्टुअर्ट शेक्टर या संशोधकांनी २००६ मध्ये ओपनबीएसडी या प्रणालीच्या साडेसात वर्षांतल्या १५ आवृत्त्या तपासल्या. सुरुवातीपासून असलेल्या जुन्या ओळींमध्ये नव्या त्रुटी सापडण्याचं प्रमाण वर्षांगणिक घटत गेलेलं त्यांना दिसलं. मात्र हे घटणं सावकाश होतं, त्या जुन्या त्रुटींपैकी निम्म्या उजेडात यायलाच किमान २.६ वर्षं लागली. ज्या जुन्या प्रोग्रामची देखभाल चालू आहे तो मुरत जातो, आणि नव्या ओळी आपल्याबरोबर नव्या त्रुटी आणतात. देखभाल सुटलेल्या प्रोग्रामला मात्र या मुरण्याचा काहीच फायदा मिळत नाही.

नव्या आवृत्तीतल्या चुका कधी कधी सुरक्षेपेक्षा जवळच्या गोष्टीवर घाव घालतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं १८०९ हे मोठं अपडेट आलं आणि काही लोकांचे दस्तऐवज, छायाचित्रं पुसली गेली. ज्यांनी आपले ‘डॉक्युमेंट्स’सारखे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवले होते, पण काही फाइली जुन्या जागी राहिल्या होत्या, त्यांच्या बाबतीत हे घडलं. जुन्या जागी उरलेले फोल्डर दुबार दिसू नयेत म्हणून ते काढून टाकणारा भाग अपडेटमध्ये होता. तो आतल्या फाइलींसकट फोल्डर काढून टाकत होता. कंपनीने काही दिवसांत अपडेट थांबवलं आणि १३ नोव्हेंबरला पुन्हा दिलं. अशा तक्रारींचं प्रमाण एका टक्क्याचा शंभरावा भाग होतं, असं कंपनीने सांगितलं. ज्याची मुलांची छायाचित्रं गेली, त्याला या प्रमाणाचा काय उपयोग! चाचणी करणाऱ्या काही वापरकर्त्यांनी ही अडचण आधीच कळवलेली होती आणि ती गर्दीत हरवली होती. पहिल्या आठवड्यात अपग्रेड करणारे लोक नकळत सगळ्यांच्या वतीने चाचणी करत असतात. ज्याचं रोजचं काम संगणकावर अवलंबून आहे त्याने ही भूमिका घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन महिने थांबल्याने काही बिघडत नाही. अर्थात, हातात असलेली आवृत्ती तोवर सपोर्टमध्ये असायला हवी.

अपग्रेडनंतर सर्वांत जास्त त्रास होतो तो जोडलेल्या उपकरणांचा. प्रोसेसर प्रोग्राम चालवताना अधिकाराच्या पायऱ्या पाळतो. १९८२ च्या इंटेल २८६ पासून इंटेलच्या चिपमध्ये अशा चार पायऱ्या आहेत, मात्र विंडोज आणि लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम त्यांतल्या दोनच वापरतात. वरच्या पायरीवर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल चालतो आणि खालच्या पायरीवर आपण वापरतो ते प्रोग्राम. लेखनाचा किंवा हिशोबाचा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. उपकरणं चालवणारे बरेचसे ड्रायव्हर मात्र कर्नलच्या शेजारी, पूर्ण अधिकारानिशी चालतात. म्हणून कर्नलची आतली रचना बदलली, की जुना ड्रायव्हर चालेनासा होतो, आणि त्याने जबरदस्तीने चालायचा प्रयत्न केला तर सगळा संगणक खाली येतो. २००७ च्या सुरुवातीला विंडोज व्हिस्टा बाजारात आली तेव्हा ड्रायव्हरची रचना मोठ्या प्रमाणात बदलली होती. बहुतेक उपकरण कंपन्यांची तयारी झालेली नव्हती, आणि व्हिस्टाचं नाव जे खराब झालं त्यात याचा मोठा वाटा होता.

लिनक्सची गोष्ट इथे मोठी रोचक आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा जुना आणि कडक दंडक आहे, की कर्नल बदलल्यामुळे वापरकर्त्याचा चालता प्रोग्राम कधीही मोडता कामा नये. ड्रायव्हरना मात्र असं कुठलंच वचन दिलेलं नाही. त्यामुळे ज्या उपकरणाचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये सामावलेला आहे ते वर्षानुवर्षं चालत राहतं, कारण आतली रचना बदलणाराच तो ड्रायव्हरही सुधारून ठेवतो. बाहेरून बसवलेला ड्रायव्हर दर मोठ्या बदलाला अडखळू शकतो. अपग्रेडआधी स्कॅनर, प्रिंटर, ध्वनिमुद्रणाचं उपकरण, डिजिटल सहीचं टोकन अशी आपली यादी करून प्रत्येकाच्या उत्पादकाने नव्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर दिला आहे का ते पाहावं. प्रोग्रामच्या बाबतीतही अशा भिंती येतात. २०१९ मध्ये ॲपलच्या मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले, प्रोग्राम चालवणं बंद केलं आणि ज्यांचे निर्माते केव्हाच निघून गेले होते असे कितीतरी चांगले प्रोग्राम एका रात्रीत निकामी झाले.

आता कंपनीला नवे संगणक खपवायचे आहेत, या सुरुवातीच्या संशयाकडे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही किल्ल्या जपणारी सुरक्षा-चिप किंवा प्रोसेसरमधलं तिचं प्रतिरूप लागतं, तसाच ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण २०१७ च्या आठव्या पिढीपासून सुरू होते. डिस्कच्या कुलपाची किल्ली टीपीएमच्या संरक्षणात राहते, हा लाभ खरा आहे. विंडोज ११ मध्ये कर्नलमध्ये शिरणारा प्रत्येक कोड आधी तपासणारी एक सोयही आहे. नव्या प्रोसेसरमध्ये या तपासणीला थेट मदत करणारी रचना असते. जुन्या प्रोसेसरवर तेच काम सॉफ्टवेअरकडून करून घ्यावं लागतं आणि वेग घसरतो. इथवर कारणं पटतात. पण इंटेलच्या सातव्या पिढीतही ही रचना आहे, तरी त्यातले जवळजवळ सगळे प्रोसेसर यादीबाहेर ठेवले गेले. हे मला पटत नाही. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो तयार होतानाच झालेला असतो. धडधाकट यंत्र केवळ यादीपायी भंगारात काढणं हे पर्यावरणाचं उघड नुकसान आहे.

अशा यंत्राच्या मालकापुढे काही वाटा आहेत. विंडोज १० च्या व्यक्तिगत वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्यांची वाढीव मुदत जाहीर झाली. ही पुढची सोय करायला मिळालेली सवड समजावी. अटी चुकवून विंडोज ११ बसवता येते, पण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. २४एच२ या आवृत्तीपासून तर प्रोसेसरमध्ये काही विशिष्ट आज्ञा नसतील तर ती सुरूच होत नाही. ज्यांचं बहुतेक काम ब्राउझरमध्ये चालतं त्यांनी लिनक्सचा विचार जरूर करावा. उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय रूपाची दर दोन वर्षांनी येणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षं दुरुस्त्या देते, आणि पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येत असल्यामुळे मूळ डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर तपासता येतात.

संगणक ‘हळू झाला’ म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला निघालेल्यांनी आधी डिस्क कोणती आहे ते पाहावं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यात वाचणारी सुई हलवण्याचा वेळ मिळवला, की विखुरलेल्या माहितीपर्यंत ती सेकंदाला शंभराच्या आतबाहेर वेळाच पोचू शकते. फिरते भाग नसलेली एसएसडी हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. फिरत्या डिस्कवर कुठलीही नवी आवृत्ती जडच वाटणार. अपग्रेडनंतरचे पहिले एक-दोन दिवस मात्र मोजमापात धरू नयेत, कारण त्या वेळी प्रणाली मागे बसून सगळ्या फाइलींची सूची नव्याने तयार करत असते.

निर्णय झालाच, तर बॅकअप संगणकापासून सोडवून ठेवता येईल अशा डिस्कवर घ्यावा आणि त्यातल्या काही फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडून बघाव्यात. डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा आकडा, कागदावर उतरवून ठेवावी, अपग्रेडनंतर संगणक ती मागू शकतो. विंडोज ११ मध्ये जुन्या आवृत्तीकडे परतायची मुभा साधारणपणे १० दिवसच असते, त्यानंतर जुन्या फाइली पुसल्या जातात. या दहा दिवसांत महिन्यातून एकदाच लागणारी कामंही मुद्दाम करून पाहावीत. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. छायाचित्रांचे, ईमेलचे, हिशोबाचे प्रोग्राम नव्या आवृत्तीत गेल्यावर आपला साठा नव्या रचनेत बदलून घेतात, आणि जुन्या प्रोग्रामला तो पुन्हा उघडता येत नाही. प्रणाली मागे नेली तरी तो साठा आपोआप मागे येत नाही, म्हणून त्याची प्रत आधीच वेगळी काढावी.

शेवटी राहतात ते संगणक, ज्यांना अपग्रेड करताच येत नाही. सूक्ष्मदर्शक, कापकाम यंत्र, रुग्णालयातलं तपासणीचं उपकरण अशा कितीतरी यंत्रांचं नियंत्रण जुन्या विंडोजवरच चालतं, आणि मूळ यंत्र अजून उत्तम काम देत असतं. ते फेकायची गरज नाही. त्याला इंटरनेटपासून आणि बाकीच्या नेटवर्कपासून तोडून ठेवावं. पण तेवढ्याने भागत नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम नेटवर्कपासून वेगळ्या ठेवलेल्या यंत्रांपर्यंत पेन ड्राइव्हमधून पोचत होता. त्यामुळे अशा संगणकाच्या फाइलींसाठी एकच पेन ड्राइव्ह राखून ठेवावा, तो दुसऱ्या कशालाही वापरू नये, आणि दुरुस्त्या चालू असलेल्या संगणकावर तपासल्याखेरीज तो या यंत्राला लावू नये.