दूरच्या नटीपासून स्वतःच्या फिल्टरपर्यंत

इन्स्टाग्राममुळे किशोरवयीन मुलींना स्वतःचं शरीर नकोसं होतं, हा आरोप आता अमेरिकेतल्या न्यायालयांपर्यंत पोचला आहे. पण पडद्यावरचं शरीर आणि वयात येणाऱ्या मुलीचं मन यांच्या नात्याचा शोध त्याच्या बराच आधी सुरू झाला होता. त्यातला सगळ्यात बोलका अभ्यास झाला पॅसिफिक महासागरातल्या फिजीत.

फिजीत भरलेलं अंग म्हणजे घरच्यांची नीट देखभाल, अशी समजूत होती. पाहुण्याला आग्रह करकरून वाढायचं आणि कुणी वाळलं की घरादाराने काळजीत पडायचं. आपल्याकडे ‘तब्येत सुधारली हो!’ हे कौतुक ज्या जातीचं, त्याच जातीचं हे. तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही आला १९९५ साली. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर या मानववंशशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञही. त्यांनी टीव्ही आल्यावर काही आठवड्यांतच तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये त्याच वयाच्या मुलींची पुन्हा केली. वजन आटोक्यात ठेवायला मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या खेपेला एकही नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण ११.३ टक्के निघालं. आपण जाड आहोत असं निदान अधूनमधून तरी वाटणाऱ्या मुली होत्या ७४ टक्के.

दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि संख्या साठ-पासष्टच्या घरातली, त्यामुळे सगळं खापर टीव्हीवर फोडता येत नाही. मला बेकर आणि सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या अभ्यासातली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, जिची चर्चा फारशी होत नाही. मुलगी स्वतः किती टीव्ही बघते यापेक्षा तिच्या मैत्रिणी किती बघतात, याचा खाण्याच्या विकारांच्या लक्षणांशी अधिक संबंध दिसला. म्हणजे घरी टीव्ही नसला तरी सुटका नव्हती. सडपातळ नटी मैत्रिणींच्या बोलण्यातून घरात येतच होती.

सोशल मीडियाने नेमकी हीच वाट रुंद केली. फेसबुक आलं फेब्रुवारी २००४ मध्ये, त्यावर ‘लाइक’चं बटण आलं २००९ मध्ये. जून २०१० मध्ये आयफोनला पुढचा कॅमेरा मिळाला आणि त्याच ऑक्टोबरात इन्स्टाग्राम सुरू झालं. आपण माधुरी दीक्षितसारखे दिसत नाही हे कुणीही हसून मान्य करतो. पण शेजारच्या बाकावरची मुलगी आपल्यापेक्षा बारीक दिसते आणि तिच्या फोटोला आपल्या दुप्पट लाइक आहेत, हे पंधराव्या वर्षी हसण्यावारी नेता येत नाही. माणूस स्वतःला जोखायला आपल्यासारख्याच माणसांकडे बघतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं. नवीन होता तो आकडा, आणि तोही सगळ्या वर्गाला दिसणारा.

उपाशी राहण्याचे गोडवे गाणारी पानं इंटरनेटवर इन्स्टाग्रामच्या आधीपासून होती. २०१२ मध्ये टम्बलर ही ब्लॉगची साइट आणि इन्स्टाग्राम दोघांनीही अशा मजकुरावर बंदी घातली. वापरणाऱ्यांनी हॅशटॅगच्या स्पेलिंगमध्ये अक्षरं इकडची तिकडे केली आणि काम चालू ठेवलं.

खरी कलाटणी फिल्टरने दिली. सप्टेंबर २०१५ मध्ये स्नॅपचॅटवर चेहरा बदलणाऱ्या ‘लेन्स’ आल्या, २०१७ मध्ये इन्स्टाग्रामने तसेच फिल्टर दिले. आता तुलना नटीशीही नाही, मैत्रिणीशीही नाही. ती स्वतःच्याच चेहऱ्याच्या घासूनपुसून केलेल्या आवृत्तीशी. २०१८ मध्ये बॉस्टनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की लोक आपलीच फिल्टर लावलेली सेल्फी घेऊन प्लॅस्टिक सर्जनकडे जातात आणि ‘असं करून द्या’ म्हणतात.

इन्स्टाग्रामची मालक असलेल्या फेसबुक कंपनीला यातलं किती ठाऊक होतं, ते सप्टेंबर २०२१ मध्ये बाहेर आलं. फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने आणलेली फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने छापली. ‘आम्ही दर तीनपैकी एका किशोरवयीन मुलीची शरीराबद्दलची नाराजी वाढवतो’ अशा आशयाचं वाक्य कंपनीच्याच एका स्लाइडवर होतं. कंपनीचा खुलासा असा : पाहणी छोटी होती आणि बारापैकी अकरा बाबतींत, एकटेपणा, चिंता वगैरेंत, त्रासात असलेल्या मुलींना इन्स्टाग्रामने बरंच वाटतं. उरलेली बारावी बाब कोणती? शरीरप्रतिमा. बचावातच कबुली असावी तर अशी! लहान मुलांसाठी वेगळं इन्स्टाग्राम काढायचा बेत त्याच महिन्यात थांबवण्यात आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ४० हून अधिक राज्यांनी मेटावर, म्हणजे नाव बदललेल्या याच फेसबुक कंपनीवर, दावे ठोकले.

संशोधकांचं मात्र अजून एकमत नाही. एमी ऑर्बन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये मोठमोठ्या पाहण्यांचे आकडे तपासले, तेव्हा किशोरांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जेमतेम ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल वापराशी लागला. हा आकडा सोशल मीडियाच्या बाजूने सर्रास फेकला जातो. पण तो सगळ्या पडद्यांचा आणि सगळ्या मुलामुलींचा मिळून काढलेला आहे. आरशासमोर तासभर उभ्या राहणाऱ्या एका मुलीचं काय होतं, हे सरासरीतून कळणार कसं?

भारतात या गोष्टीला रंगाची जोड आहे. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ पासून बाजारात होती आणि स्थळांच्या जाहिरातींतली ‘गोरी, सडपातळ, सुस्वरूप’ ही मागणी तर त्याहून जुनी. २५ जून २०२० रोजी मुंबईच्या हिंदुस्तान युनिलिव्हरने नावातला ‘फेअर’ काढत असल्याचं जाहीर केलं. चारच दिवसांनी टिकटॉकवर बंदी आली आणि ८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. शाळा बंद, हातात फोन, आणि क्रीमच्या नावातून गेलेला गोरेपणा ब्यूटी फिल्टरमधून फुकटात परत.

कायदे आता कुठे जागे होत आहेत. फोटोत कंबर बारीक केली असेल तर जाहिरातीवर तसं लिहिण्याची सक्ती फ्रान्सने २०१७ मध्ये केली. नॉर्वेत २०२२ पासून हा नियम इन्फ्लुएन्सरांच्या पैसे घेऊन केलेल्या पोस्टनाही आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना अकाउंटच बंद केलं. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. चेहरा उजळ आणि नाक बारीक करून देणाऱ्या फिल्टरबद्दल त्यात काही नाही.