तापलेला शंट आणि फुगलेले अँपिअर

मोठा विद्युतप्रवाह मोजायचा असला, तर तो अख्खा मीटरमधून कुणी नेत नाही. त्याच्या वाटेत शंट बसवतात. शंट म्हणजे धातूची पट्टी, रोध अगदी क्षुल्लक पण नेमका ठाऊक असलेला. १०० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा शंट घेतला, तर रोध भरतो पाऊण मिलिओहम. दोन टोकांमधला व्होल्टेज मोजायचा, रोधाने भागायचं, की प्रवाह कळला.

गोम अशी, की पूर्ण प्रवाहाला ही पट्टी साडेसात वॅट उष्णता स्वतःच तयार करते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांवर जुळवलेला तांब्याचा शंट बंद पेटीत ६० अंशांवर गेला, तर १०० अँपिअर वाहत असताना मीटर ११५च्या वर दाखवील. वाहणारा प्रवाह तोच, फुगला तो आकडा.

यावरचा जुना आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात देखणा इलाज एडवर्ड वेस्टनचा. जन्माने इंग्रज, पण कारखाना अमेरिकेत. त्याने १८९२ मध्ये मँगॅनिन आणलं : सुमारे ८४ टक्के तांबं, १२ टक्के मँगॅनीज, बाकी निकेल. खोलीच्या तापमानाच्या आसपास त्याचा रोध अंशामागे लाखात एक-दोन भाग हलतो, बस्स.

रोध तर कॉन्स्टंटनचाही फारसा बदलत नाही, आणि तोही मिश्रधातू वेस्टनचाच. पण तांब्याच्या तारेला कॉन्स्टंटन जोडलं की झालं थर्मोकपल! दोन सांध्यांच्या तापमानात १० अंशांचा फरक पडला, तर ४०० मायक्रोव्होल्ट आपोआप उपजतात. आपल्या शंटवर ते अर्ध्या अँपिअरएवढे दिसतात, प्रवाह बंद असला तरीसुद्धा. मँगॅनिन आणि तांब्याच्या जोडीत हा उपद्रव फारच कमी.

आता मायक्रोकंट्रोलर, म्हणजे हिशेब करणारी चिप, स्वस्त झाल्यामुळे सर्किट बोर्डावरची तांब्याची रेघच शंट म्हणून वापरतात आणि शेजारी थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा छोटा रोधक, बसवतात. तापमान वाचायचं, त्या तापमानाचा रोध काढायचा, मग भागाकार. हिशेब सोपा आहे, पण थर्मिस्टरला तांब्याचं तापमान कळायला हवं, पेटीतल्या हवेचं नव्हे. शिवाय प्रवाह एकदम वाढला की तांबं आधी तापतं, थर्मिस्टरला ते उशिरा कळतं, आणि मधल्या काळातलं वाचन चुकतं.

सांध्यांच्या व्होल्टेजला मात्र हे गणित लागू पडत नाही. तो वजाच करावा लागतो. आणि त्यासाठी शून्याचं वाचन शंट गार झाल्यावर नव्हे, प्रवाह तोडल्या तोडल्या, पट्टी गरम असतानाच घ्यायचं.