खासगी रस्त्याला गेट लावायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

रात्री अनोळखी गाड्या उभ्या राहतात, मुलांना रस्त्यावर खेळू देता येत नाही, एखादी घरफोडी होते आणि सोसायटीच्या सभेत ठराव येतो: रस्त्याच्या तोंडाशी गेट बसवू. बहुतेक ठिकाणी आधी फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स जातो, परवानगीचा विषय नंतर निघतो. हा क्रम उलटा करा. परवानगी मिळेल की नाही, हे रस्ता कोणाचा आहे आणि त्यावरून कोण जातं, यावर ठरतं.

रस्ता खरंच खासगी आहे का?

पाटी लावली म्हणून रस्ता खासगी होत नाही. आधी शहराचा विकास आराखडा पाहा. त्यात तो डीपी रस्ता, म्हणजे आराखड्यात दाखवलेला सार्वजनिक रस्ता, असेल तर विषय तिथेच संपला. नसेल तर मंजूर लेआउट, म्हणजे भूखंड आणि रस्त्यांचा मंजूर नकाशा, काढा. रस्ता तुमच्याच भूखंडांपुरता आहे की मागच्या जमिनीला त्यातूनच प्रवेश दिलाय, ते नकाशात दिसतं. मागच्या जमिनीचा प्रवेश तिथून असेल तर गेट लावण्याचा निर्णय तुमच्या एकट्याचा राहत नाही.

तिसरी गोष्ट सर्वात जास्त सोसायट्यांना अडचणीत आणते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 नुसार सार्वजनिक पैशातून फरसबंदी, गटार किंवा दुरुस्ती झालेला रस्ता सार्वजनिक ठरू शकतो. या कामामुळे रस्ता सार्वजनिक होणार नाही असा करार काम होण्याआधी मालकाशी झाला असेल, किंवा मालकाच्या संमतीशिवाय काम झालं असेल, तर गोष्ट निराळी. म्हणजे नगरसेवकाच्या निधीतून काँक्रीट करून घ्यायचं आणि दोन वर्षांनी तोच रस्ता बंद करायला निघायचं, हे कायद्यात बसत नाही. न्यायालाही धरून नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. करदात्यांच्या पैशातून झालेल्या रस्त्यावर करदात्यांना चालू दिलंच पाहिजे.

शिवाय भारतीय सुखाधिकार अधिनियम, 1882 आहे. शेजारचे लोक 20 वर्षं उघडपणे, अडथळ्याविना, हक्काने त्या रस्त्यावरून येत-जात असतील तर ते वहिवाटीचा हक्क सांगू शकतात. पलीकडच्या वस्तीतली मुलं त्याच वाटेने शाळेत जात असतील, तर अर्ज करण्याआधी त्यांच्या घरच्यांशी बोला. पुढे जो वाद न्यायालयात वर्षानुवर्षं चालतो, तो पुष्कळदा याच टप्प्यावर मिटतो.

थोडक्यात, रस्ता सोसायटीच्या आतच संपत असेल, देखभाल सोसायटी करत असेल आणि दुसऱ्या कोणाचा प्रवेश त्यातून नसेल, तर गेटची मागणी रास्त आहे. आरपार जाणारा रस्ता मात्र बंद होऊ नये, मग कागदावर मालक कोणीही असो.

कागदपत्रं

मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयातून, किंवा सातबारा. सोबत झोन दाखला (विकास आराखड्यात जमीन कोणत्या वापराची आहे, त्याचा दाखला), मंजूर लेआउटची प्रत आणि सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र. अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालं असेल तर तो दस्त जोडा. झालं नसेल तर जमीन अजून विकासक किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे, त्यामुळे त्यांची लेखी संमती लागेल. तेच सापडत नसतील तर आधी मानीव अभिहस्तांतरणाच्या (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे त्यांच्या सहीविना सरकारी आदेशाने होणाऱ्या हस्तांतरणाच्या) मागे लागा. लेआउटमध्ये अनेक सोसायट्या असतील तर प्रत्येकीचा ठराव हवा. एकीचा विरोध असतानाही अर्ज पुढे रेटण्यात अर्थ नाही.

ठराव सर्वसाधारण सभेचा असावा, फक्त कार्यकारिणीचा नको. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) वार्षिक सभेसाठी 14 आणि विशेष सभेसाठी 5 पूर्ण दिवसांची नोटीस लागते. ती पाळली नाही तर नाराज सभासद ठरावालाच आव्हान देतो. यासोबत आर्किटेक्टने काढलेला गेटचा नकाशा द्या. त्यात रस्त्याची रुंदी, गेट उघडण्याची दिशा, पादचाऱ्यांचं वेगळं दार आणि चौकीची जागा दिसली पाहिजे. चौकी पक्की बांधायची असेल तर तिच्या बांधकाम परवानगीचा प्रश्न वेगळा.

लेआउटची प्रत सोसायटीत सापडत नसेल तर माहिती अधिकारात मागा. अर्जाचं शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.

अर्ज कुठे?

साध्या कागदावर, महापालिका आयुक्तांच्या नावे अर्ज लिहा आणि प्रभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयात द्या. प्रत बांधकाम परवानगी विभागाला. पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा. गेट मुख्य रस्त्यालगत येत असेल तर वाहतूक पोलिसांचं, आणि अग्निशमन विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र आधीच मिळवलेलं बरं. अग्निशमनवाले प्रवेशाची रुंदी, कमान असेल तर तिची उंची आणि गेट पूर्ण उघडून कुंपणाला टेकतं का, ते पाहतात. बंब वळणार नाही असं गेट ते मान्य करणार नाहीत, करूही नये.

पाहणीला अभियंता येईल तेव्हा सचिवांनी मूळ कागदांसह हजर राहावं. अर्जातच लिहून द्या की चालणाऱ्यांसाठी दार उघडं राहील, रुग्णवाहिका, टपाल, पाणी-वीज कर्मचारी आणि कचरागाडी अडवली जाणार नाही, आणि रात्री किल्ली पहारेकऱ्याकडे असेल. अशा हमीने अर्जाला बळ येतं.

परवानगीशिवाय लावलं तर?

रस्त्यातला अडथळा 1949 च्या अधिनियमाखाली आयुक्त नोटीस न देताही काढू शकतात. मुंबईत मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 मधलं कलम 314 तसाच अधिकार देतं. ज्यांची वाट अडली ते दिवाणी न्यायालयात मनाई मागू शकतात. लोकांच्या वापरातली वाट असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. म्हणून मंजुरीचं पत्र हातात आल्यावरच फॅब्रिकेटरला पैसे द्या, आणि पत्रातल्या अटींची प्रत चौकीत लावा, म्हणजे नव्या पहारेकऱ्यालाही कोणाला अडवायचं नाही ते कळेल.