श्रिम्प टँकमधलं वाळकं पान आलं कुठून

श्रिम्प टँकच्या (म्हणजे हौसेने छोट्या शोभेच्या कोळंब्या पाळायच्या काचेच्या टाकीच्या) तळाला हल्ली दोन-चार तपकिरी पानं दिसतातच, पण ही आयडिया मुळात श्रिम्पवाल्यांची नाही, ती उचलली फायटरवाल्यांकडून, म्हणजे बेट्टा हा भांडखोर मासा पाळणाऱ्यांकडून. थायलंडमध्ये फायटर झुंजवायचा शौक फार जुना, झुंज झाली की मासा जखमी, पर फाटलेले, मग त्याला बदामाचं वाळकं पान टाकलेल्या पाण्यात ठेवायचं. बदाम म्हणजे आपला देशी बदाम हो, टर्मिनेलिया कटप्पा, मुंबईत सोसायटीच्या गेटपाशी आणि कोकणात किनाऱ्याला असतो तोच, पानं लाल होऊन गळतात तो. पानातून टॅनिन आणि ह्युमिक आम्लं सुटतात, पाणी कोऱ्या चहासारखं होतं, पीएच थोडा उतरतो (पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असेल तर फारसा हलतही नाही, हे पानांचं पाकीट विकणारा सांगत नाही) आणि काही जिवाणू-बुरशींना आळा बसतो.

युरोपात हे काम आधी पीट करायचं, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. निऑन टेट्रासारखे मऊ (कमी क्षारांच्या), आंबट पाण्यातले मासे ब्रीड करणारे फिल्टरमध्ये पीट भरायचे.

आता श्रिम्पकडे. 80च्या दशकात जपानच्या ताकाशी अमानो या टँक सजवणाऱ्या कलाकाराने प्लांटेड (पाणवनस्पती लावलेल्या) टँकमधलं शेवाळ खायला श्रिम्प सोडले, म्हणजे तेव्हा ते सफाई कामगारच. 90च्या दशकात हिसायासू सुझुकी या जपानी ब्रीडरने बी श्रिम्प या पट्ट्यापट्ट्यांच्या श्रिम्पमध्ये निघालेल्या लाल रंगावर सिलेक्शन करून क्रिस्टल रेड हा लाल-पांढरा प्रकार आणला आणि श्रिम्पसाठीच वेगळा टँक ठेवणं सुरू झालं. या श्रिम्पला मऊ, जरा आंबट पाणी लागतं, त्यामुळे फायटरवाल्यांचं पान इथे सहज बसलं, पण गंमत म्हणजे औषध म्हणून टाकलेलं पान श्रिम्पनी खायलाच घेतलं! आठवडाभरात पानावर बुरशी-जिवाणूंचा बुळबुळीत थर येतो, बायोफिल्म, तो खरवडून खातात, मग मऊ झालेलं पानही, शेवटी नुसती शिरांची जाळी उरते. आणि नुकती जन्मलेली पिल्लं खाणं शोधत लांब जात नाहीत, त्यांना बसल्या जागी चरायला मिळतं, माझ्या मते पानाचा खरा फायदा हाच, पीएच-बीएच नंतर.

ओढ्यात तरी दुसरं काय होतं म्हणा. पोर्टो रिकोच्या लुकिलोच्या डोंगरी ओढ्यांवर यावर बराच अभ्यास झालाय, तिथे झिफोकॅरिस नावाचा श्रिम्प गळलेली पानं कुरतडतो आणि त्याचा जो बारीक चुरा वाहत येतो तो अट्या नावाचा दुसरा श्रिम्प पंख्यासारख्या हातांनी गाळून खातो. म्हणजे एकाच पानावर दोघांचं पोट.

2000 नंतर जर्मनीत श्रिम्पचं वेड वाढलं तेव्हा बदामाचं पान तिकडे आयात करावं लागायचं, त्यामुळे लोकांनी ऑटममध्ये जंगलातली ओक-बीचची पानं आणि अल्डर या झाडाची छोटी बोंडं गोळा करून वापरली, फुकटात. नियम मात्र सगळीकडे एकच, झाडानेच गाळलेलं वाळकं पान घ्यायचं, कारण गाळण्याआधी झाड पानातलं बरंचसं सत्त्व परत ओढून घेतं, हिरवं तोडून टाकलंत तर ते सगळं टँकमध्ये सडणार.

आपल्याकडे आता बदामासोबत फणसाची, पेरूची, तुतीचीही पानं वापरतात, रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेल्या बागेतली तेवढी नकोत, कारण कीटकनाशकाचा अंश माशाला झेपला तरी श्रिम्पला झेपत नाही.