सुई पोराला, पैसे बापाला?

"पोराचं रक्त द्यायचं आणि वर पैसे घ्यायचे? हे तर रक्त विकणंच झालं!" सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या संशोधनाचा विषय निघाला की विदर्भातल्या खेड्यांत हा आक्षेप हमखास ऐकू येतो. मला तो पटत नाही. ऐन कापूस वेचणीत पोराला तालुक्याला न्यायचं म्हणजे आईचा रोज बुडतो, वर एसटीचं भाडं. ते भरून न देणं म्हणजे मजुराच्या खिशातून संशोधन चालवणं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलाच्या सहभागापायी झालेला प्रवासखर्च आणि किरकोळ खर्च देता येतो. मात्र संमती पालकाची असते तेव्हा पैशाचं आमिष होऊ नये, हे संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीने बारकाईने तपासायचं असतं.

आमिष नुसतं रकमेत नसतं, ती कधी मिळते यातही असतं. समजा, नव्या औषधाच्या चाचणीत सहा खेपा आहेत आणि सगळे पैसे शेवटच्या खेपेला. तिसऱ्या खेपेआधी पोराला रात्री ताप भरला. सांगितलं तर नाव कटेल, पैसे जातील. म्हणून आई गप्प बसते. नोंदवहीत ताप येतच नाही. अशा दहा आया गप्प बसल्या की औषध आहे त्याहून निर्धोक दिसतं, आणि तेच पुढे हजारो मुलांना दिलं जातं. म्हणजे चुकीच्या वेळी दिलेला पैसा संमतीबरोबर आकडेही नासवतो. उपाय सोपा आहे: मधेच सोडलं तर झालेल्या सहभागाच्या प्रमाणात पैसे, संशोधनामुळेच तब्येत बिघडून सोडावं लागलं तर पूर्ण. मग ताप लपवायचं कारणच उरत नाही.

"बाटलीभर रक्त काढतात" ही अफवाही गाडायला हवी. वीस किलोच्या मुलात साधारण दीड लिटर रक्त असतं; त्यातलं पाच मिलिलिटर म्हणजे एक टक्क्याचा तिसरा हिस्सा. आणि सिकलसेल करणीने होत नाही. आई आणि बाप, दोघांकडून बदललेलं जनुक आलं तरच होतो.

पैशाइतकाच पोराचा शब्द महत्त्वाचा. सात वर्षांपुढच्या मुलाला समजेल असं सांगून त्याचा होकार घ्यायचा असतो, बारापुढे लेखी. नऊ वर्षांची पोर "मला नाही टोचून घ्यायचं" म्हणाली, तर बापाच्या सहीने ते पुसलं जाऊ नये.

गावात असं पथक आलं की आशाताईंनी सहीआधी विचारावं: पैसे दर खेपेला की शेवटी? मधेच सोडलं तर किती? आणि पोराला काही झालं तर उपचार कोण करणार?