साखर सोडली तरी यकृत ती बनवतंच

नोव्हेंबर २०२४मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकारांना सांगितलं, की साखर-दूध बंद करून आणि हळद, कडुनिंब, लिंबूपाणी घेऊन त्यांच्या पत्नीने चौथ्या टप्प्यातल्या कॅन्सरवर मात केली. पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती, पण व्हॉट्सअॅपवर फिरला तो कडुनिंब. शेवटी टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांना पत्रक काढावं लागलं, की असल्या उपायांपायी उपचार लांबवू नका. ‘साखर तोडा, कॅन्सर उपाशी मरेल’ हा समज मात्र टिकून आहे, आणि किटो डाएटही (धान्य-साखर जवळपास बंद, भर चरबीवर) त्याच आशेवर खपतंय.

समजाच्या मुळाशी खरं विज्ञान आहे, म्हणून तो जास्त घातक. १९२०च्या दशकात जर्मनीत ओटो वारबुर्ग यांना दिसलं, की कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, भराभरा ओढतात आणि ऑक्सिजन असूनही ते पुरतं न जाळता त्याचं लॅक्टेट करून टाकतात. जिथे ग्लुकोजच्या एका रेणूमागे तीसेक एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) मिळायचे, तिथे जेमतेम २ मिळतात. कॅन्सर शोधणारा पेट स्कॅन याच हव्यासावर चालतो. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात. पेशी ते आत घेते, त्याला फॉस्फेट चिकटवते, पण पुढे त्याचं काहीच करू शकत नाही. ते आत अडकून पडतं आणि गाठ पडद्यावर उजळते.

आता हे बघा: पेट स्कॅन उपाशीपोटीच करतात. तरीही रक्तात ग्लुकोज असतंच, कारण ते यकृत पुरवतं. यकृतातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या ग्लुकोजचा) साठा साधारण १०० ग्रॅम. दिवसभराच्या कडक उपासात तो जवळपास संपतो. मग यकृत नवं ग्लुकोज घडवतं: स्नायूंतल्या प्रथिनांपासून, चरबीतल्या ग्लिसरॉलपासून आणि लॅक्टेटपासून. म्हणजे गाठीने टाकून दिलेलं लॅक्टेट यकृतात जातं, तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं आणि तेच गाठ परत उचलते! स्नायू आणि यकृत यांच्यातलं असंच चक्र कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने उलगडलं. १९४७च्या नोबेलचे ते मानकरी. हिशेब असा, की गाठीच्या पदरात २ एटीपी पडतात आणि तेच ग्लुकोज पुन्हा घडवायला यकृताला ६ मोजावे लागतात. तोटा रुग्णाचा. ताटातली पोळी काढली म्हणून हे चक्र थांबत नाही. लाल रक्तपेशींना ग्लुकोजवाचून चालतच नाही, त्यामुळे शरीर प्रसंगी स्नायू मोडून ते बनवतं. शिवाय कॅन्सरच्या पेशी ग्लुटामिन (एक अमिनो आम्ल) आणि मेदाम्लांवरही गुजराण करतात.

किटोने इन्शुलिन उतरतं, हे खरं. २०१८मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात पीआय३के हा इन्शुलिनने चालू होणारा, पेशींना वाढायला सांगणारा संदेशमार्ग रोखणारी औषधं किटोच्या जोडीने जास्त लागू पडली. त्याच अभ्यासात नुसता किटो दिलेल्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) उंदरांचा आजार उलट बळावला. १९२१मध्ये हा आहार अपस्मारासाठी (फिट्ससाठी) मांडला गेला. तिथे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तो आजही उपयोगी आहे.

कॅन्सरचे उपचार सोसलेल्या माणसाचे स्नायू आधीच झिजलेले असतात. त्याला प्रथिनं लागतात: किलोमागे रोज १ ग्रॅमहून जास्त, जमल्यास दीड. ६० किलोच्या बाईला ६० ते ९० ग्रॅम. वाटीभर पातळ वरणातून पाच-सहा ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून ६, त्यामुळे वरणभातावर भागत नाही. मटकीची उसळ, दही, पनीर, अंडी, मासे हे आलटूनपालटून रोज हवं. सोबत ज्वारीची भाकरी, भाज्या, फळं. मटण क्वचित, दारू नको. भाकरी, मटकी आणि बहुतेक फळं किटोत बसतच नाहीत. ज्यांना वजन कमी करायचंय, विशेषतः स्तनाच्या कॅन्सरनंतर, त्यांनी ते आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने सावकाश करावं. आणि काहीही न करता वजन उतरत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावं.