अटकेत किंवा जेलमध्ये घेतलेल्या वस्तू परत मिळवताना
पक्षकार व त्यांच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक

अटक झाली की अंगझडती होते. अंगावरचे आवश्यक कपडे सोडून पोलीस जे ताब्यात घेतील त्याची पावती अटक झालेल्याला दिलीच पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 49 सांगते. पावती हातात पडली नसेल तर अंगझडती पंचनाम्याची नक्कल मिळवा. पुढचा सगळा दावा या कागदावर उभा राहतो.

पंचनामा ओळ न ओळ वाचा. सोन्याची अंगठी तिथे ‘पिवळ्या धातूची अंगठी’ म्हणून येते. यात लबाडी नाही, धातूची खात्री पोलीस देऊ शकत नाहीत. पण वजन लिहिलेले नसेल तर अंगठी 8 ग्रॅमची होती की 5, हा वाद तुमच्या गळ्यात पडतो. म्हणून सराफाची पावती आणि अंगठी बोटात दिसणारा जुना फोटो शोधून ठेवा. मोबाईलचे खोके टाकू नका, 15 अंकी आयएमईआय क्रमांक त्यावर असतो.

वस्तू आज कुठे आहे हे आधी शोधा. ठाण्यात असेल तर मुद्देमाल कारकुनाकडून मुद्देमाल क्रमांक घ्या. जेलच्या गेटवर जमा झाली असेल तर अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कैद्याची बदली झाली असेल तर दोन्ही जेलना अर्ज करा. माणूस पुढे जातो, पाकीट मागे राहते.

पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तूसाठी अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे: वस्तू न्यायालयापुढे हजर झाली असेल तर याच संहितेचे कलम 497, नसेल तर 503. जुन्या प्रकरणांत हीच कलमे आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेची 451 आणि 457 अशी दिसतील. तपास अधिकाऱ्याचा ‘से’ म्हणजे लेखी म्हणणे मागवला जातो आणि अर्ज बहुधा तिथेच रेंगाळतो. अशा वेळी सुंदरभाई देसाई खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा निकाल जोडा: फोटो, सविस्तर पंचनामा आणि बंधपत्र घेऊन मौल्यवान वस्तू लवकर परत द्याव्यात, ठाण्यात पडू देऊ नयेत. सुपूर्तनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, मिळालेली अंगठी खटला संपेपर्यंत मोडू किंवा विकू नका. मोबाईल मात्र न्यायवैद्यक अहवालाआधी क्वचितच सुटतो.

वस्तू हरवलीच तर? 1947 मध्ये मेरठला एका व्यापाऱ्याचे 103 तोळ्यांहून अधिक सोने पोलिसांनी ताब्यात घेतले आणि ते घेऊन हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात पळाला. 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई नाकारली. आमच्या मते हा अन्याय होता, पण सरकारी वकील हा कस्तुरीलाल निकाल आजही काढतात. त्यावर उत्तर आहे 1977 चा बसवा पाटील निकाल: ठाण्यातून दागिने गेले आणि योग्य काळजी घेतल्याचे सरकार दाखवू शकले नाही, तर न्यायालय किंमत द्यायला लावू शकते. दिवाणी दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते. समोरचा पक्ष मुदत कायद्याच्या अनुच्छेद 72 मधली एक वर्षाची मुदत पुढे करतो, म्हणून खटला संपायची वाट बघत बसू नका.

सुटकेच्या दिवशी सर्वांत जास्त नुकसान एका सहीने होते. घरी जायच्या घाईत ‘सर्व वस्तू मिळाल्या’ यावर सही करू नका. जे मिळाले नाही ते सहीखालीच लिहा: ‘अंगठी मिळाली नाही’.

कोठडीत असलेल्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. वस्तू हजार-दोन हजारांची असेल तर आधी तिथेच जा, आमच्या फीचा खर्च परवडणार नाही.